कॅल्व्हिनवाद आणि हायपर-कॅल्व्हिनवाद: बॅप्टिस्ट मंडळ्यांत होणारी गल्लत

अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या मंडळ्यांत नवा पाळक आला आणि त्याच्या संदेशात 'देवाची निवड' हे शब्द दोन-तीनदा आले, की कुणीतरी म्हणतंच, हा हायपर-कॅल्व्हिनिस्ट आहे. बहुतेकदा हे खरं नसतं. तो साधा कॅल्व्हिनवादी असतो, म्हणजे कोणाचं तारण होणार हे देवाच्या निवडीवर ठरतं, असं जॉन कॅल्व्हिनच्या परंपरेप्रमाणे मानणारा. कॅल्व्हिनवादाच्या पाच मुद्द्यांपैकी तीन-चार मानले तर साधा आणि पाचही मानले तर हायपर, असं हे मोजमाप नाही. पाचही मुद्दे दोघांना मान्य असतात.

हे मुद्दे 1618-19 मध्ये हॉलंडमधल्या डॉर्ट इथे भरलेल्या धर्मसभेच्या निर्णयांवर उभे आहेत. पापामुळे माणूस स्वतःहून देवाकडे वळू शकत नाही. देवाने केलेली निवड माणसातला कुठलाही गुण पाहून झालेली नाही. ख्रिस्ताच्या मरणाने निवडलेल्यांचं तारण निश्चित झालं. देवाची कृपा शेवटी माणसाचं मन जिंकतेच. आणि खरे विश्वासणारे अखेरपर्यंत टिकतात.

वाट फुटते ती यानंतरच्या प्रश्नावर. ज्याला स्वतःहून विश्वास ठेवता येत नाही, त्याला 'विश्वास ठेव' असं सांगायचं का? कॅल्व्हिनवादी म्हणतो, सांगायचंच, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला सांगायचं. विश्वास ठेवणं हे सगळ्यांचं कर्तव्य आहे, कारण माणसाची असमर्थता इच्छेची आहे; बुद्धी किंवा हातपाय नसल्यासारखी नाही. कोण निवडलेला आहे हे पाळकाला ठाऊक नसतं, आणि आमंत्रण द्यायला ते ठाऊक असावंही लागत नाही. हायपर-कॅल्व्हिनवादी म्हणतो, जे जमणारच नाही ते कर्तव्य कसं असेल? म्हणून तो ख्रिस्ताबद्दल सांगतो, पण सगळ्यांना त्याच्याकडे बोलावत नाही. ज्यांच्यात पापाची जाणीव आधीच जागी झालेली दिसते, त्यांनाच बोलावतो.

याचा परिणाम फार वाईट होतो. ऐकणारा ख्रिस्ताकडे पाहायचं सोडून स्वतःच्या मनात निवडीचा पुरावा शोधत बसतो. अठराव्या शतकातला बॅप्टिस्ट पाळक अँड्र्यू फुलर इंग्लंडमधल्या सोहॅमच्या अशाच मंडळीत वाढला. तिथल्या पाळकाकडे तारण न झालेल्यांना सांगण्यासारखं जवळपास काहीच नव्हतं, आणि आपल्याला ख्रिस्ताकडे जायचा हक्क आहे का, याच विचारात कोवळ्या वयातला फुलर अडकून पडला.

सतराव्या शतकातल्या पर्टिक्युलर बॅप्टिस्टांचं, म्हणजे कॅल्व्हिनवाद मानणाऱ्या इंग्लिश बॅप्टिस्टांचं, असं नव्हतं. 1644 आणि 1689 ची त्यांची विश्वासपत्रं (आपण काय मानतो याची लेखी निवेदनं) पक्की कॅल्व्हिनवादी होती, तरी ते सर्वांना सुवार्ता सांगत. 1707 मध्ये जोसेफ हसी याने, जो स्वतः बॅप्टिस्ट नव्हता, कृपा 'देऊ करणं' हेच चूक ठरवलं. तो विचार पुढे जॉन ब्राइनसारख्या लंडनच्या बॅप्टिस्ट पाळकांत मुरला. लंडनचेच बॅप्टिस्ट पाळक जॉन गिल यांना या गटात धरावं की नाही, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. 1785 मध्ये फुलरने ग्रंथ लिहून उत्तर दिलं: सुवार्ता ऐकणाऱ्या प्रत्येकाने विश्वास ठेवलाच पाहिजे. 2 ऑक्टोबर 1792 रोजी केटरिंगमध्ये बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली ती याच पायावर. तिनेच पाठवलेल्या विल्यम कॅरीने 1805 मध्ये मराठी व्याकरण आणि 1810 मध्ये मराठी कोश सेरामपूरला छापला. कॅरी कॅल्व्हिनवादीच होता. कॅल्व्हिनवादामुळे सुवार्ताकार्य थंडावतं असं सरसकट म्हणणाऱ्यांनी त्याचं काय करायचं ते ठरवावं.

खरा हायपर-कॅल्व्हिनवाद आज थोड्याच ठिकाणी उरला आहे. इंग्लंडमधल्या गॉस्पेल स्टँडर्ड मंडळ्यांच्या विश्वासपत्रात, तारण न झालेल्यांना विश्वास ठेवायचं कर्तव्य सांगू नये, असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

मग अमेरिकेत इतकी धग कशाची? सदर्न बॅप्टिस्टांचं पहिलं सेमिनरी (पाळक घडवणारं महाविद्यालय) 1859 मध्ये जेम्स बॉइस यांनी सुरू केलं, आणि ते कॅल्व्हिनवादी होते. विसाव्या शतकात हा विचार मागे पडला. 1993 मध्ये अल मोहलर त्या सेमिनरीचे अध्यक्ष झाले आणि तो पुन्हा जोमाने वर आला. 2012 मध्ये कॅल्व्हिनवादाच्या विरोधी बाजूने 'पारंपरिक' भूमिकेचं निवेदन काढलं. 2013 मध्ये दोन्ही बाजूंच्या समितीने एकत्र अहवाल दिला.

मंडळीत भांडण पेटतं ते बहुधा संदेशाच्या शेवटी. पुढे येऊन उभं राहायचं आवाहन पाळक बंद करतो, आणि लोकांना वाटतं, यानं बोलावणंच थांबवलं. पण पुढे चालत येणं वेगळं आणि ख्रिस्ताकडे येणं वेगळं. एकोणिसाव्या शतकातला लंडनचा कॅल्व्हिनवादी बॅप्टिस्ट पाळक स्पर्जन अशी पद्धत न ठेवताही ऐकणाऱ्यांना अक्षरशः विनवत असे. म्हणून शेवटची दहा मिनिटं नीट ऐका. 'पश्चात्ताप करा, आजच ख्रिस्ताकडे या' असं थेट समोरच्यांना म्हटलं जातं का? जात असेल तर तो हायपर नाही. 'ख्रिस्त तुझ्यासाठी मेला' हे वाक्य तो टाळेल; 'ख्रिस्त पाप्यांसाठी मेला, त्याच्याकडे ये, तो तुला घालवून देणार नाही' असं म्हणेल. ही मर्यादित प्रायश्चित्ताची, म्हणजे ख्रिस्त निवडलेल्यांसाठीच मेला या मताची, भाषा आहे. तिच्याशी मतभेद जरूर असू द्या, पण तिला चुकीचं नाव देऊ नका.

दुसरी ठिणगी वडिलांच्या, म्हणजे मंडळीतल्या नेमलेल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांच्या, मंडळाची. सभासदांच्या मताऐवजी काही वडिलांनीच निर्णय घ्यायचे, असा बदल नवे पाळक कधीकधी घाईने आणतात. तो कारभाराचा प्रश्न आहे, त्यावर स्वतंत्र चर्चा व्हावी.

सगळ्यांत जास्त मंडळ्या फुटतात त्या लपवाछपवीमुळे. मुलाखतीत निवडीबद्दल मौन, आणि वर्षभरात सगळी शिकवण त्याच दिशेने. उमेदवाराने आणि पाळक निवडणाऱ्या समितीनेही आपली मतं आधीच उघड सांगावीत, असं 2013 च्या अहवालाने म्हटलं ते याचसाठी. समितीने लेखी विचारावं: प्रत्येक ऐकणाऱ्याला विश्वास ठेवायला सांगाल का? ख्रिस्त कोणासाठी मेला असं शिकवाल? संदेशानंतर लोकांना कसं बोलावाल? कारभारात काय बदलणार, आणि किती वर्षांत? पहिल्या प्रश्नाला 'नाही' आलं तरच हायपर-कॅल्व्हिनवादाची चर्चा सुरू करावी.