मेडिकल कॉलेजातली बढती: तुमचे किती पेपर धरले जातील?

बढतीची फाइल घेऊन येणारा प्रत्येक जण आधी आकडा सांगतो. कुणाचे सात पेपर, म्हणजे शोधनिबंध, असतात, कुणाचे अकरा. त्यातले किती धरले जाणार हे मात्र छाननीच्या दिवशी कळतं, आणि तेव्हा नवा पेपर लिहायला वेळ उरलेला नसतो. मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात बसून या याद्या तपासून देणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे ही माहिती तपासणाऱ्याच्या बाजूने लिहितो आहे.

पात्रता काय लागते

शिक्षकांची पात्रता आधी भारतीय वैद्यकीय परिषद, म्हणजे एमसीआय ठरवत असे. सप्टेंबर २०२० पासून तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, म्हणजे एनएमसी आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये आयोगाने शिक्षक पात्रतेची नियमावली काढली. बोलताना सगळे तिला 'टीईक्यू' म्हणतात.

त्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाला सहयोगी व्हायचं तर त्या विषयात सहायक म्हणून चार वर्षं आणि दोन शोधनिबंध लागतात. सहयोगीचं प्राध्यापक व्हायला त्या पदावर तीन वर्षं आणि एकूण चार निबंध हवेत, त्यातले किमान दोन सहयोगी पदाच्या काळातले. लोक अडकतात ते या शेवटच्या अटीत. सहायक असताना चार पेपर करून ठेवले आणि पुढे लेखणी ठेवली, तर एकूण आकडा भरतो पण बढती अडते.

याशिवाय वैद्यकीय शिक्षणतंत्राचा बेसिक कोर्स आणि बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक कोर्स, दोन्हींची प्रमाणपत्रं लागतात. पहिल्यासाठी आपल्या कॉलेजच्या मेडिकल एज्युकेशन युनिटकडे नाव द्यायचं. दुसरा, म्हणजे 'बीसीबीआर', भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, चेन्नईची राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्था ऑनलाइन चालवते. व्हिडिओ घरी बघता येतात, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते. ती बारमाही नसते. नोंदणीची तारीख हुकली की पुढच्या फेरीपर्यंत थांबणं आलं, आणि चार पेपर हातात असूनही या एका कागदापायी फाइल पडून राहते.

जुलै २०२५ मध्ये टीईक्यूची जागा नव्या नियमावलीने घेतली. तिच्यातल्या मोठ्या बदलांचा रोख नेमणुकीची दारं रुंद करण्यावर आहे. २२० हून अधिक खाटांची सरकारी रुग्णालयं अध्यापन संस्था होऊ शकतात. दहा वर्षं अनुभवाचे तज्ज्ञ थेट सहयोगी, तर दोन वर्षं अनुभवाचे सहायक म्हणून घेता येतात. अशा नेमणुकीनंतर दोन वर्षांत बीसीबीआर पूर्ण करण्याची अट आहे. अर्ज भरताना आयोगाच्या संकेतस्थळावरची अधिसूचना उघडून आपल्या पदाचं कलम शब्दशः ताडून घ्या. व्हॉट्सअॅपवर फिरणारा तक्ता बहुधा आधीच्या नियमाचा असतो.

सात पेपरांचा एक

पेपर मोजताना चार गोष्टी पाहिल्या जातात: लेखाचा प्रकार, नियतकालिक कुठल्या सूचीत (नियतकालिकं निवडून नोंदवणाऱ्या यादीत) आहे, तुमचं नाव कितवं आहे आणि पेपर कधी छापला गेला. चारांपैकी एकात अडकला तरी पेपर गेला. उदाहरणच घेऊ.

समजा, मेडिसिन विभागातल्या एका सहायक प्राध्यापकांचे सात पेपर आहेत. दोन आहेत एकेका रुग्णाच्या केस रिपोर्ट. त्या बाद, कारण धरायच्या लेखांच्या यादीत फक्त मूळ संशोधन, मेटा-अॅनालिसिस (अनेक अभ्यासांच्या आकड्यांचं एकत्र विश्लेषण), सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (ठरलेल्या पद्धतीने केलेला आढावा) आणि केस सीरीज (अनेक रुग्णांच्या नोंदी) आहेत. तिसरं संपादकांना लिहिलेलं पत्र. ते लॅन्सेटमध्ये छापून आलेलं असलं तरी बाद. चौथा आढावा लेख, मेहनतीने लिहिलेला, पण तो नॅरेटिव्ह रिव्ह्यू. सिस्टिमॅटिक नाही म्हणून बाद. पाचवा अनेक केंद्रांवरच्या मोठ्या अभ्यासाचा, नियतकालिक उत्तम, नाव मात्र पाचवं, पहिल्या तिघांतलं नाही. बाद. सहावा मूळ संशोधनाचा, नाव दुसरं, पण नियतकालिक फक्त इंडेक्स कोपर्निकस या सूचीत. तोही बाद. सातवा स्कोपस या सूचीतल्या नियतकालिकातला, पहिलं नाव. हा एक धरला. हवेत दोन, हातात एक.

पाचव्या पेपरचं मला दरवेळी वाईट वाटतं. वैद्यकशास्त्राला खरा उपयोग कदाचित त्याचाच झाला असेल. पण नियम उपयोग मोजत नाही, नावाचा क्रमांक मोजतो.

सहाव्याची गोष्ट वेगळी. २०१५ मध्ये एमसीआयने सूचींची जी यादी दिली तिच्यात इंडेक्स कोपर्निकस होतं, आणि फक्त ऑनलाइन निघणारी नियतकालिकं चालत नव्हती. फेब्रुवारी २०२० मध्ये यादी बदलली. कोपर्निकस गेलं, आणि मेडलाइन, पबमेड सेंट्रल, सायन्स सायटेशन इंडेक्स, एम्बेस, स्कोपस व डीओएजे (फुकट वाचता येणाऱ्या नियतकालिकांची सूची) ही नावं राहिली. आजही कित्येक नियतकालिकं मुखपृष्ठावर कोपर्निकसचा शिक्का मिरवतात आणि लेखक त्याला भुलतात.

दुसरी गफलत यूजीसी-केअरची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियतकालिकांच्या यादीची. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालणारी ही यादी २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये यूजीसीने ती बंद केली. ती चालू होती तेव्हाही एनएमसीच्या सूचींत तिचं नाव नव्हतं. तरी तिचा प्रिंटआउट पेपराला जोडणारे असतातच.

नियतकालिक तपासायचं कसं

पेपर पाठवण्याआधी तपासा. नंतर तपासून फक्त मनस्ताप होतो.

'पबमेडमध्ये दिसतो' एवढ्याने भागत नाही. पबमेड ही शोधायची खिडकी आहे. तिच्यातून मेडलाइनही दिसतं, पबमेड सेंट्रलही दिसतं, आणि दोन्हींत नसलेल्या काही नोंदीही दिसतात. पेपराला पीएमआयडी, म्हणजे पबमेडचा नोंद क्रमांक असणं म्हणजे तो मेडलाइनमध्ये असणं नव्हे. पबमेड सेंट्रलमध्ये असेल तर पीएमसीने सुरू होणारा वेगळा क्रमांक असतो. मेडलाइनची खात्री करायची तर अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या कॅटलॉगमध्ये नियतकालिकाचं नाव टाका आणि सध्याची इंडेक्सिंग स्थिती वाचा. केईएमच्या आवारातून निघणाऱ्या जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिनचं नाव टाकून बघितलंत, की नोंद कशी दिसायला हवी ते कळेल.

स्कोपससाठी वर्गणी लागत नाही. 'सोर्सेस'चं पान फुकट उघडतं. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाच्या ओळख क्रमांकाने शोधा, नावाने नको, कारण मिळतीजुळती नावं पुष्कळ असतात. तिथे नियतकालिक दिसलं म्हणून पान लगेच बंद करू नका. नावाशेजारी कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत ते घेतलं, हे दिलेलं असतं. 'कव्हरेज डिस्कंटिन्यूड' असं असेल आणि तुमचा पेपर त्यानंतरचा असेल, तर तो स्कोपसचा नाही. डीओएजेमध्येही नियतकालिकं काढून टाकली जातात. म्हणून पेपर छापून आला त्याच आठवड्यात नोंदीचा, तारीख दिसेल असा प्रिंट काढून ठेवा. तीन वर्षांनी नियतकालिक बाहेर गेलं तर तोच कागद तुमच्या बाजूने बोलेल.

आणि 'डिअर एमिनंट डॉक्टर' अशी सुरुवात करून दोन दिवसांत स्वीकृतीची हमी देणारी ईमेल आली, तर ती डिलीट करा. पैसे जातात, पेपर अडकतो, आणि तोच मजकूर दुसरीकडे पाठवायचीही सोय राहत नाही.

नाव कितवं, आणि नाव कोणतं

पहिल्या तिघांत नाव किंवा मग करस्पॉन्डिंग ऑथर, म्हणजे पेपराबद्दल पत्रव्यवहार करणारा लेखक. म्हणजे दहा जणांच्या पेपरात जास्तीत जास्त चौघांचं काम होतं. पीजीच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रबंधावरून पेपर निघतो तेव्हा खरी ओढाताण सुरू होते. विद्यार्थी पहिला, गाइड दुसरे, सहगाइड तिसरे, मग विभागप्रमुखांना कुठे बसवायचं? बसवायचंच कशाला, हा खरा प्रश्न. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, आयसीएमजेईने, लेखकत्वासाठी चार अटी घातल्या आहेत: आखणीत किंवा माहिती गोळा करण्या-तपासण्यात ठोस वाटा, लेखनात किंवा चिकित्सक सुधारणेत सहभाग, अंतिम मसुद्याला मंजुरी, आणि सगळ्या मजकुराची जबाबदारी. चारही लागू व्हायला हव्यात. खुर्ची ही पाचवी अट नाही. करस्पॉन्डिंग ऑथर कोण, हे पाठवण्याआधी लेखी ठरवा. छापून आल्यावर क्रम बदलून द्या म्हणून संपादकांना गळ घालण्यात अर्थ नसतो.

नावाचा दुसरा घोळ आपल्याकडे जास्त. एका पेपरात आडनाव आधी, दुसऱ्यात वडिलांचं नाव मध्ये, तिसऱ्यात नुसती आद्याक्षरं. पबमेडमध्ये 'पाटील एस' शोधून बघा, शेकडो निबंध समोर येतील, आणि तुमचे त्यात कुठे ते तुम्हालाच निवडावे लागतील. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टरांचे आधीचे पेपर तर स्कोपसमध्ये भलत्याच व्यक्तीच्या खात्यावर बसलेले असतात. यावर उपाय ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या कायमच्या ओळख क्रमांकाचा. २०१२ पासून मिळणारा हा १६ आकडी क्रमांक फुकट आहे आणि त्यात जुनं नावही नोंदवता येतं. स्कोपसमधली दोन प्रोफाइल एकत्र करायची विनंती ऑनलाइन करता येते. फाइलला मात्र विवाह नोंदणी दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र जोडाच. समितीपुढे ऑर्किडपेक्षा राजपत्र चालतं.

फाइलला काय जोडायचं

प्रत्येक पेपराचा वेगळा संच करा. पहिल्या पानाची प्रत, ज्यावर लेखकांची नावं, संस्था आणि मिळाल्याची, स्वीकारल्याची, छापल्याची तारीख दिसते. डीओआय (पेपराचा कायमचा ओळख क्रमांक) आणि आयएसएसएन. सूचीतल्या नोंदीचा प्रिंट. करस्पॉन्डिंग म्हणून दावा असेल तर तशी खूण असलेलं पान. एथिक्स कमिटीच्या मंजुरीची प्रत जवळ असलेली बरी. नुसत्या स्वीकृतिपत्रावर विसंबू नका. छापलेला पेपर बिनधोक.

बाकीचे कागद नेहमीचे: पदवी आणि पदव्युत्तर प्रमाणपत्रं, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची चालू नोंदणी आणि तिच्यात पीजीची भर, नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, कार्यमुक्ती आदेश, अनुभवाचा दाखला, दोन्ही कोर्सची प्रमाणपत्रं, आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची शिक्षक म्हणून मान्यता असेल तर तिचं पत्र. राखीव जागेसाठी जात वैधता. कौन्सिलचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं. तारीख उलटलेली सापडते ती नेमकी फाइल द्यायच्या दिवशी.

एच-इंडेक्स, इम्पॅक्ट फॅक्टर वगैरे

या अर्जासाठी लागत नाहीत. एच-इंडेक्स २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी सुचवला. एच पाच म्हणजे किमान पाच पेपर, प्रत्येकाचा इतर पेपरांत किमान पाच वेळा संदर्भ. इम्पॅक्ट फॅक्टर तर नियतकालिकाचा असतो, तुमचा नव्हे. बायोडेटात लिहा हवं तर, छाननीत त्याने काही फरक पडत नाही.

दोन-चार पेपरांची अट तरी कशाला, असं वैतागून विचारणारे भेटतात. डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये स्कोपसच्या आधारे देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्था तपासल्या होत्या. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत त्यातल्या ३३२ संस्थांतून एकही पेपर निघाला नव्हता. वर्षाला शंभराहून जास्त पेपर देणाऱ्या संस्था होत्या फक्त २५, आणि देशाच्या एकूण निबंधांपैकी ४०.३ टक्के त्यांचे होते. अटीने हे चित्र सुधारलं असं माझं मत नाही. दोनची रेघ मारली की बरेच जण दोनवर थांबतात, आणि ते दोनही मुदतीच्या आदल्या वर्षी येतात. मूळ संशोधनाचा पेपर म्हणजे एथिक्सची मंजुरी, रुग्णांची माहिती, लेखन, परीक्षकांच्या शंका, पुन्हा लेखन. चौथ्या वर्षी पात्र व्हायचं असेल तर पहिला प्रस्ताव रुजू झाल्याच्या वर्षीच एथिक्स कमिटीपुढे गेला पाहिजे.