वनुआ: जमीन, गाव, वार आणि आभाळ

30 जुलै 1980 रोजी ‘न्यू हेब्रिडीज’ हे नाव जगाच्या नकाशावरून गेलं. 1774 साली कॅप्टन कुकने स्कॉटलंडजवळच्या बेटांवरून ते दिलं होतं आणि 1906 पासून ब्रिटन आणि फ्रान्स दोघं मिळून तिथे राज्य करत होते. स्वतंत्र झाल्यावर लोकांनी देशाचं नाव ठेवलं वानुआतू. ‘वनुआ’ म्हणजे भूमी, ‘तू’ म्हणजे उभं असणं. या चिमुकल्या देशात शंभराहून अधिक भाषा बोलल्या जातात. तरीही हे नाव तिथल्या लोकांना आपलं वाटलं, कारण ‘वनुआ’ हा शब्द एकट्या वानुआतूचा नाहीच.

तो ऑस्ट्रोनेशियन भाषाकुळाचा आहे. या कुळात 1200 च्या आसपास भाषा आहेत. पश्चिमेला मादागास्कर, पूर्वेला ईस्टर बेट, उत्तरेला तैवान, दक्षिणेला न्यूझीलंड, एवढा त्यांचा पसारा. तैवानमधून निघालेले लोक साधारण 4000 वर्षांपूर्वी फिलिपिन्समध्ये उतरले आणि तिथून त्यांचे वंशज होड्यांनी बेटामागून बेट वसवत गेले. लिपी नव्हती, त्यामुळे या प्रवासाची नोंद कुठे लिहिलेली नाही. पण ती त्यांच्या बोलण्यात राहिली.

आपला शब्दच घ्या. फिलिपिन्समधल्या हिलिगायनोन भाषेत तो ‘बनवा’ आहे, इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या तोराजा लोकांत ‘बनुआ’, फिजीत ‘वनुआ’, सामोआत ‘फनुआ’, टोंगात ‘फोनुआ’, ताहितीत ‘फेनुआ’, ईस्टर बेटावर ‘हेनुआ’ आणि हवाईत ‘होनुआ’. नुसते सारखे वाटतात म्हणून शब्द एका कुळातले ठरत नाहीत. बदल नियमाने व्हावा लागतो. आपल्याकडे ‘हस्त’चा ‘हात’ झाला, ‘सप्त’चा ‘सात’ आणि ‘भक्त’चा ‘भात’. जोडाक्षर गेलं आणि आधीचा स्वर लांबला, तोही शब्दामागून शब्दात. इथेही तसंच आहे. मलय भाषेत दगडाला ‘बातू’ म्हणतात, फिजीत ‘वातू’, सामोआत ‘फातू’ आणि हवाईच्या ‘पोहाकू’मध्ये तोच ‘हाकू’ होऊन बसला आहे. म्हणजे ब, व, फ, ह ही साखळी ‘बनुआ’त दिसते तशीच ‘बातू’तही दिसते. वानुआतूच्या चलनाचं नावही ‘वातू’च आहे.

हे नियम पद्धतशीर मांडण्याचं मोठं काम ओटो डेम्पवोल्फ या जर्मन माणसाने केलं. पेशाने तो डॉक्टर. वसाहतींमध्ये नोकरी करताना भाषांच्या नादी लागला आणि 1934 ते 1938 या काळात त्याने या कुळाच्या शब्दसंपत्तीवर तीन खंड प्रसिद्ध केले. आज अभ्यासक या शब्दाचं मूळ रूप ‘बनुआ’ असं मांडतात.

रूप सापडलं, पण मूळ अर्थ काय? मला या शब्दाची खरी ओढ वाटते ती इथे. तोराजा लोकांचा ‘बनुआ’ म्हणजे घर. इंडोनेशियाच्याच नियास बेटावर गाव. फिलिपिन्सच्या उत्तर टोकाला, बातानेस बेटांवर ‘वानुआ’ म्हणजे होड्या किनाऱ्याला लावायची जागा. तिथल्या माहाताओ गावात मासेमारीचा हंगाम सुरू होण्याआधी त्या जागेसाठी एक विधी होतो, त्याच्या ‘कापायवानुवानुआ’ या नावातच हा शब्द बसलेला आहे. फिलिपिन्समधल्याच कापाम्पांगान भाषेत तर ‘बनुआ’चा अर्थ वर्ष असा होतो, आणि आभाळ असाही. घर, गाव, बंदर, वर्ष, आभाळ! हे सगळं एका मुळातून कसं फुटेल?

रॉबर्ट ब्लस्ट या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने याचा माग काढला. त्याला सर्वात उपयोगी पडण्यासारखं रूप बोर्निओत होतं. सारावाकचे इबान लोक एका लांबलचक घरात राहतात, अख्खं गाव एका छपराखाली. त्यांच्या ‘मेनुआ’त ते घर येतंच. शिवाय भाताची शेतं, मळे, फळझाडांची राई, पाणी, मेलेल्यांना पुरतात ती जागा आणि घरापासून अर्ध्या दिवसाच्या चालीत येणारं सगळं रानही येतं. ब्लस्टच्या मते जुना अर्थ याच्या जवळचा होता: माणसांच्या एका समूहाला जगवणारा, त्यांची वस्ती असलेला प्रदेश. मला हे पटतं, कारण एवढ्या भरलेल्या अर्थातून कुणी घर उचललं, कुणी गाव, तर समुद्रावर जगणाऱ्यांनी होडीचा किनारा उचलला, हे सहज समजतं. आभाळाचंही पाहा. सुमात्राच्या तोबा बताक लोकांच्या विश्वात तीन ‘बनुआ’ आहेत, वरचा, मधला आणि खालचा. मधल्यात माणसं राहतात आणि वरच्यात देव. ‘बनुआ’ म्हणजे जग असं झालं की आभाळ त्यापासून फार दूर राहत नाही.

मलय भाषेत अर्थ उलट्या दिशेने फुगत गेला. तिथे ‘बनुआ’ म्हणजे आज चक्क खंड: बनुआ आशिया, बनुआ आफ्रिका. मधल्या काळात तो ‘मोठा देश’ या अर्थानेही वापरला जाई. जुन्या मलय वाङ्मयात भारताला ‘बनुआ कलिंग’ म्हटलेलं सापडतं. त्यातला ‘कलिंग’ आपल्याच कलिंगावरून तिकडे गेलेला, मलय उच्चारात ‘कलिङ’. आणि राज्य या अर्थाने तिथे बसला तो संस्कृत ‘नगरी’वरून आलेला ‘नेगेरी’.

न्यूझीलंडच्या माओरी भाषेत याच शब्दाचा उच्चार आज ‘फेनुआ’च्या जवळ जातो आणि त्याचे दोन अर्थ आहेत. एक जमीन, दुसरा वार, बाळंतपणात बाळापाठोपाठ पडते ती. बाळाची वार कुळाच्या जमिनीत पुरण्याची रीत माओरींमध्ये जुनी आहे आणि आजही अनेक कुटुंबं दवाखान्यातून ती मागून घरी नेतात. ताहितीतही वारेच्या ‘पूफेनुआ’ या नावात जमीन आहे. ‘मातीशी नाळ’ हे आपण सवयीने बोलून जातो, त्यामुळे मराठी वाचकाला हे लगेच उमजेल.

1840 साली ब्रिटिशांशी झालेल्या वायतांगी तहाच्या माओरी मसुद्यात हाच शब्द आहे. माओरी सरदारांचा आपल्या ‘वेनुआ’वरचा (तेव्हा असं लिहीत) अधिकार त्यात मान्य केला होता. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत त्यातली बहुतेक जमीन त्यांच्या हातून गेली. 1975 मध्ये ऐंशीला टेकलेल्या व्हिना कूपर यांच्या नेतृत्वाखाली उत्तर टोकापासून राजधानी वेलिंग्टनपर्यंत मोर्चा निघाला. आता एक एकरही जाऊ देणार नाही, ही त्यांची मागणी होती.

फिजीत हाच शब्द भारतीय वंशाच्या लोकांच्या आयुष्यात येऊन भिडतो. तिथे ‘वनुआ’ म्हणजे जमीन, तिच्यावरची माणसं, त्यांचा प्रमुख, चालीरीती आणि पूर्वज, सगळं मिळून. देशातली 80 टक्क्यांहून अधिक जमीन मूळ फिजीयन कुळांची सामाईक आहे आणि ती विकता येत नाही. 1879 ते 1916 या काळात ब्रिटिशांनी सुमारे 60,000 भारतीयांना करारावर, म्हणजे ‘गिरमिट’वर, उसाच्या मळ्यांत राबायला तिथे नेलं. त्यांचे वंशज पुढे या जमीनमालक फिजीयन कुळांकडून भाडेपट्ट्याने जमीन घेऊन ऊस लावत राहिले. ‘वनुआ लेवू’, म्हणजे मोठी भूमी, या बेटावरचं लंबासा शहर अशाच ऊसवाल्यांचं. 1997 पासून अनेक पट्ट्यांची 30 वर्षांची मुदत संपत गेली, बऱ्याच जणांचे पट्टे पुन्हा झाले नाहीत आणि कुटुंबंच्या कुटुंबं शेत सोडून शहराकडे किंवा परदेशी गेली. जमीनमालक कुळांना पट्टा संपल्यावर आपली जमीन परत हवी होती, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण चार पिढ्या तीच जमीन कसूनही ज्यांना ती आपली म्हणता आली नाही, त्यांचं दुःखही तितकंच खरं आहे, आणि फिजीच्या राजकारणात या दोघांना एकत्र बसवण्याचं काम अजून चालूच आहे.