नोटरीचा शिक्का म्हणजे मालकी नव्हे

"जुना टाइमशेअर घेताना खरेदीखतावर नोटरीचा शिक्का बसला की तो आपल्या नावावर झाला," असं सांगणारा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. (टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमधल्या जागेतला, वर्षातल्या ठरावीक काळापुरता विकत घेतलेला वाटा.) शिक्का इतका अधिकृत दिसतो की असं वाटणं साहजिक आहे.

पण शिक्क्याच्या वरचा मजकूर एकदा सावकाश वाचा. अमुक व्यक्ती माझ्यासमोर हजर झाली, तिची ओळख पटली, सही आपलीच असल्याचं तिने सांगितलं. एवढंच त्यात असतं. ती खरी मालक आहे का, देखभाल शुल्क थकलंय का, हे नोटरी तपासत नाही. साक्षीदारही फक्त सहीचेच. ते लागतात की नाही, हे साधारणपणे मालमत्ता जिथे आहे तिथल्या कायद्यावर ठरतं, तुम्ही राहता तिथल्या नव्हे. अमेरिकेत फ्लोरिडात विक्रेत्याच्या सहीला दोन साक्षीदार लागतात, आणि त्यातला एक नोटरी स्वतः असू शकतो.

मग मालकी तपासायची कुठे? खरेदीखताने मालकी देणारा टाइमशेअर असेल तर मालमत्ता जिथे आहे तिथल्या नोंदणी कार्यालयाच्या दप्तरात विक्रेत्याचं नाव शोधा. नुसता वापराचा हक्क असेल तर रिसॉर्टच्या सभासद-नोंदीत. थकबाकीचा हिशेब मात्र रिसॉर्टकडूनच लेखी मागवा, तोही पैसे देण्याआधी.