डालड्याचा डबा, टाटाचा ट्रक

आपण ‘डालड्याचा डबा’ म्हणतो, पण ‘टाट्याचा ट्रक’ म्हणत नाही. तिथे ‘टाटाचा ट्रक’च. दोन्ही नावं आकारान्त, मग हा फरक कुठून आला?

‘घोडा’चं ‘घोड्याला’ होतं, पण माणसाचं किंवा कंपनीचं नाव मराठी माणूस सहसा मोडत नाही. डालडा हे १९३७ साली बाजारात आलेल्या वनस्पती तुपाचं व्यापारी नाव. पुढे कुणाचंही वनस्पती तूप डालडाच झालं आणि लोकांच्या जिभेने त्याला घोडा, वाडा, डबा यांच्या पंगतीला बसवलं. हे कुणी ठरवून केलं नाही, म्हणूनच नावाचा शब्द झाल्याची ही साक्ष मला मोलाची वाटते.

कंपन्यांची नावं शब्दकोशात घ्यावीत का, हा कोशकारांचा जुना पेच आहे. नाव अजून कंपनीकडेच बोट दाखवत असेल तर त्याची जागा ज्ञानकोशात. ते वस्तूकडे किंवा क्रियेकडे वळलं की तो शब्द झाला. ‘गूगल’ हे क्रियापद म्हणून ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात २००६ साली आलं, ते याच न्यायाने.

‘झेरॉक्स’चंही तसंच. ग्रीकमध्ये ‘झेरॉस’ म्हणजे कोरडा. चेस्टर कार्लसन यांनी १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये ओली शाई न वापरता, स्थिर विद्युत आणि भुकटी यांच्या जोरावर प्रत उमटवली. त्या तंत्राला पुढे झेरोग्राफी म्हणू लागले आणि त्यावरून यंत्राचं, मग कंपनीचं नाव पडलं. आपण मात्र ‘प्रत’ स्त्रीलिंगी म्हणून ‘झेरॉक्स काढली’ म्हणतो. यंत्र कोणत्या कंपनीचं, हे कोण विचारतं?

कंपन्यांना याची धास्ती असते, कारण नाव सर्वांचं झालं तर त्यावरचा हक्क जाऊ शकतो. अमेरिकेत १९२१ साली ‘ॲस्पिरिन’च्या खटल्यात न्यायाधीशांनी विचारलं ते एवढंच, की गिऱ्हाईक या शब्दाने काय समजतं? सामान्य गिऱ्हाइकाला तो औषधाचाच शब्द वाटत होता, त्यामुळे तिथे बायर या औषध कंपनीचा त्यावरचा हक्क गेला. १९५० साली ‘एस्कलेटर’ही असंच मोकळं झालं. स्वीडनमध्ये २०१३ साली ‘शोधयंत्रात न सापडणारं’ अशा अर्थाच्या, गूगलच्याच नावावरून घडलेल्या एका नव्या शब्दाच्या व्याख्येत गूगलने बदल मागितला. तिथल्या भाषा परिषदेने व्याख्या बदलली नाही, निषेध नोंदवून तो शब्दच नव्या शब्दांच्या यादीतून काढला. मला तेही पटत नाही. लोक बोलतात ते कोशाने नोंदवावं आणि ‘मूळ व्यापारी नाव’ एवढं शेजारी लिहावं.

‘बिसलेरी’ला सामान्यरूपाची, म्हणजे प्रत्ययाआधी शब्द बदलतो का याची, कसोटी लागत नाही, कारण ईकारान्त स्त्रीलिंगी शब्द एकवचनात तसाच राहतो. पण एसटी स्टँडवर ‘एक बिसलेरी द्या’ म्हटल्यावर दुकानदार हाताला लागेल ती पाण्याची बाटली देतो, आणि गिऱ्हाईक ती घेऊन गाडीत चढतं.