पत्रा गळत नाही, तरी पाणी टपकतं: पोल बार्नचं छत आतून बंद करताना

कडाक्याच्या थंडीनंतर सकाळी ऊन चढलं की शेडच्या पत्र्यातून टपटप पाणी पडू लागतं. छप्पर गळतंय असं समजून लोक वर चढतात आणि स्क्रूंना सीलंट फासतात. पहाटेच आत बॅटरी मारून पाहिली असती, तर पत्र्यातून खाली आलेल्या स्क्रूच्या टोकाटोकावर हिमाचा मणी दिसला असता. ते पाणी आतल्याच हवेतलं. २० अंश सेल्सिअसची हवा दर घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम वाफ धरू शकते, शून्य अंशाची जेमतेम ५ ग्रॅम. उरलेली वाफ गार पत्र्यावर जाऊन बसते. त्यात धुराडं नसलेला गॅस हीटर लावला, तर एक किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाणी हवेत सोडतो!

म्हणून अमेरिकेतल्या थंड भागात, खांबांवर ट्रस (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी कैच्या) टाकून उभारलेल्या या शेडला, म्हणजे पोल बार्नला, आतलं छत करताना आधी वाफ अडवायची, उष्णतेचं नंतर.

त्याआधी ट्रसचा कागद काढा. खालच्या दांड्यावर छताचा किती भार धरला आहे, हे त्यावर लिहिलेलं असतं. दर चौरस फुटाला ५ पौंड असेल तर ठीक. पण नुसत्या गोठ्यासाठी केलेल्या ट्रसमध्ये हा आकडा १ किंवा शून्यही असू शकतो. तसं असेल तर ट्रस बनवणाऱ्याच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय एकही फळी ठोकू नका. ३० बाय ४० फुटांच्या छताला पाऊण इंचाहून थोडा पातळ, म्हणजे ५/८ इंची जिप्सम बोर्ड सुमारे १२०० किलो भरतो; २९ गेजचा (पातळ) पत्रा ४०० किलोच्या आत. एकट्या-दुकट्याने करायचं काम असेल तर पत्राच बरा. त्याला सांधे भरणं, घासणं, रंगवणं काही लागत नाही. अर्धा इंची जिप्सम तर नकोच. आधाराच्या पट्ट्या २४ इंचांवर असल्या की तो वरच्या इन्सुलेशनच्या (उष्णता अडवणाऱ्या थराच्या) भाराने झोळ खातो.

ट्रस सहसा ८ फुटांवर असतात. त्यांच्यामध्ये दोन बाय चार इंची लाकडी पट्ट्या उभ्या कडेवर, हँगरमध्ये (लोखंडी खोबणीत), २४ इंचांवर बसवा. वायरिंग आणि दिव्यांचे डबे याच टप्प्यावर उरकून घ्या. वळचणीला दोन ट्रसमधल्या प्रत्येक गाळ्यात हवेसाठी बॅफल (वाट मोकळी ठेवणारी आडोशाची पट्टी) लावा, नाहीतर इन्सुलेशन तिथली वाट बुजवतं. मग पट्ट्यांच्या खालून ६ मिलचं (इंचाच्या सहा हजारांश जाडीचं) पॉलिथिन ताणा. सांधा लाकडावरच यावा, ६ इंच एकावर एक चढवून टेप मारा आणि भिंतीच्या कडेला सीलंट भरा. दिव्याच्या डब्याभोवतीची फट किरकोळ वाटते, पण गरम हवा वर जाण्याचा मुख्य रस्ता तोच. (दमट, उष्ण प्रदेशात एसी चालत असेल तर हे प्लास्टिक लावू नका, तिथे वाफ बाहेरून आत येते.)

मग छताच्या पत्र्याची पहिली ओळ दोरी धरून काटकोनात लावा. भिंतीच्या भरवशावर राहू नका, ती क्वचितच सरळ असते. आठ-दहा पत्रे एकावर एक ठेवून भोकं एकदम पाडली की स्क्रूंची रांग नीट येते.

वर सुटी काचलोकर फुंकायची. आर-३८ साठी (आर हे उष्णता अडवण्याचं माप) ती साधारण १५ इंच लागते, सेल्युलोज (कागदाचा भुगा) ११ इंच पुरतं, पण त्याचं वजन जास्त. फुंकायच्या यंत्रात हवा जास्त सोडली की थर फुगून उंच दिसतो आणि पुढे खाली बसतो. म्हणून थराची जाडी दाखवणाऱ्या मोजपट्ट्या लावाच, शिवाय गोण्या मोजा: पिशवीवरच्या तक्त्यात दिलेली संख्या त्या क्षेत्रफळात संपलीच पाहिजे. मास्क, चष्मा, हातमोजे घाला, आणि पाय फक्त ट्रसवर टाकलेल्या फळीवर ठेवा.

वरची पोकळी खेळती राहिली पाहिजे. दर १५० चौरस फुटांना १ चौरस फूट मोकळी जाळी हा नियम. म्हणजे १२०० चौरस फुटांना ८. निम्मी वळचणीला, निम्मी कण्याला, म्हणजे छपराच्या शेंड्याला. जाळीच्या तारा भोकाचा भाग खातात, तेव्हा मोकळं क्षेत्रफळ उत्पादकाच्या आकड्यावरून धरा. वर जायच्या झडपेलाही तेवढंच इन्सुलेशन आणि कडेने रबरी पट्टी हवी. एवढी एक झडप राहून गेली, तर तिच्यावरच्या पत्र्याला हिमाचे मणी पुन्हा लटकतात.