कोर्टाबाहेरचं बालसंरक्षण: नागपूरच्या एका खटल्यामागचा इतिहास

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 19 जानेवारी 2021 रोजी दिलेला निकाल अजून बहुतेकांच्या लक्षात असेल. कपड्यांवरून केलेला स्पर्श पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम 8 खाली 'लैंगिक हल्ला' ठरत नाही, त्वचेला त्वचेचा स्पर्श व्हायला हवा, असा तो निकाल. 27 जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि 18 नोव्हेंबरला तो रद्दच केला. आरोपीचा लैंगिक हेतू महत्त्वाचा, कापड मध्ये होतं की नव्हतं हे नाही, असं न्यायालयाने सांगितलं आणि सत्र न्यायालयाने सुनावलेली तीन वर्षांची शिक्षा कायम केली. दोन्ही निकालांवर रकानेच्या रकाने लिहून आले. मूळ घटनेकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही.

घटना डिसेंबर 2016 ची, गिट्टीखदान पोलीस ठाण्याच्या हद्दीतली. पेरू देतो म्हणून एका माणसाने बारा वर्षांच्या मुलीला घरी नेलं. मुलगी दिसेना म्हणून आई शोधत निघाली, तर शेजारून तिला कळलं की अमका तिला आपल्या घरी घेऊन गेला. आई तिथे पोचली. तो माणूस म्हणाला, इथे नाही ती. आईने त्याचं ऐकून घेतलं नाही. घरात शिरून खालचा मजला पाहिला, मग वरचा. एका खोलीला बाहेरून कडी होती. ती काढली तर आत मुलगी रडत होती.

इथे मुलीला वाचवलं ते शेजाऱ्याच्या नजरेने आणि आईच्या हट्टाने. कायदा नंतर आला. समाजकार्याच्या वर्गात बालअत्याचार प्रतिबंध म्हणून जे शिकवतात, त्याचा गाभा हाच आहे.

या विषयाचा जगातला इतिहास मात्र डॉक्टरांपासून सुरू झालेला सांगतात. 1962 साली अमेरिकेत डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांवर एक निबंध छापला. 71 रुग्णालयांकडून एका वर्षातली 302 प्रकरणं त्यांच्याकडे आली होती. त्यांतली 33 मुलं दगावली होती, 85 जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. हाडं मोडायला अपघात नव्हे, घरातलीच माणसं कारण असू शकतात, हे मान्य करायला वैद्यकाला एक्स-रे लागले. पुढच्या पाच-सहा वर्षांत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी अशी प्रकरणं कळवण्याचे कायदे केले. कळवल्यानंतर त्या घरात जायचं कुणी, आईबापांशी बोलायचं कुणी? ते काम समाजकार्यकर्त्यांच्या वाट्याला आलं, आणि त्यातूनच विद्यापीठांत या विषयाचे प्राध्यापक तयार झाले.

आपल्याकडे सुरुवात वेगळ्या टोकाकडून झाली. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होती, आणि या प्रांताने 1928 सालीच मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला होता. पण मद्रास, बंगाल, मुंबई या प्रांतांत आधी झालेल्या कायद्यांप्रमाणेच त्याचा रोख होता गुन्ह्यात सापडलेल्या किंवा बेवारस मुलांवर. घरातल्या माणसाकडून मुलाला धोका असू शकतो, ही कल्पना त्यात नव्हतीच म्हटलं तरी चालेल. घराच्या आत शिरलं ते दुसरंच काम. कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी 1921 मध्ये नागपुरात मातृसेवा संघ काढला, तो प्रसूतीसाठी, म्हणजे बाई आणि बाळ यांच्यासाठी. त्याच संस्थेने पुढे समाजकार्य महाविद्यालय सुरू केलं. हे मला योगायोगाचं वाटत नाही. बाळंतिणीच्या घरी जाणाऱ्या बाईला त्या घरात काय चालतं ते आपोआप दिसतं.

मुंबईत 1936 साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तिथे शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया रस्त्यावरच्या मुलांमध्ये काम करायच्या. अडचण आली की मुलं रात्री-अपरात्री त्यांच्या घरी फोन करत. हे एकटीच्या घरच्या फोनवर निभणारं नव्हतं. म्हणून 1996 मध्ये संस्थेचाच क्षेत्रकार्य प्रकल्प म्हणून 1098 हा अडचणीतल्या मुलांसाठीचा फोन क्रमांक सुरू झाला. दस-नौ-आठ, लक्षात ठेवायला सोपा. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही लोहमार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या नागपूरसारख्या स्टेशनवर घरातून पळून आलेली मुलं उतरतच असतात, त्यामुळे इथे अशा क्रमांकाची गरज वेगळी सांगायला नको.

2007 मध्ये केंद्र सरकारचा मोठा अभ्यास आला. 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून तो केला होता. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि अत्याचार करणाऱ्यांत निम्मे ओळखीतले किंवा विश्वासातले होते. पाच वर्षांनी, 14 नोव्हेंबर 2012 पासून पोक्सो लागू झाला.

त्यानंतर शाळाशाळांत 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' सुरू झालं. त्याला माझी हरकत नाही, पण सगळा भार मुलावरच टाकून मोठी माणसं मोकळी होतात, हे खटकतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिंकेलहॉर यांनी 1984 मध्ये मांडलं होतं, की अत्याचार घडायला चार गोष्टी जुळाव्या लागतात. करणाऱ्याची इच्छा, त्याच्या मनाचा लगाम सुटणं, आजूबाजूच्यांचा पहारा नसणं, आणि सगळ्यात शेवटी मुलाचा विरोध मोडून काढणं. शाळेतला धडा फक्त या चौथ्या पायरीवर काम करतो. गिट्टीखदानच्या घटनेत कामी आली ती तिसरी. वस्तीत बालसंरक्षण समिती बसवणं, अंगणवाडीताई आणि पालकांशी सतत बोलत राहणं, घरभेटी, हे सगळं तिसऱ्या पायरीचं काम. बातमी होण्याजोगं त्यात काहीच नसतं.

उपचारांची बाजू तर अजूनच मागे आहे. कायद्याप्रमाणे पोलिसांनी 24 तासांत बालकल्याण समितीला, म्हणजे संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीला, कळवायचं असतं, आणि समिती मुलासाठी सहाय्यक व्यक्ती नेमू शकते. ही व्यक्ती मुलाबरोबर दवाखान्यात, कोर्टात जाते, तारखा समजावून सांगते, आईवडिलांना धीर देते, मूल परत शाळेत जायला लागलं का ते पाहते. बऱ्याच प्रकरणांत अशी व्यक्ती नेमलीच जात नव्हती. अखेर ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सहाय्यक व्यक्ती हवी की नको हे पालकांच्या मर्जीवर सोडता येणार नाही. त्यासाठी पदवी हवी, आणि समाजकार्य, बालमानसशास्त्र किंवा बालकल्याणाचा अनुभव हवा. मानधनाबद्दल पोक्सोच्या 2020 च्या नियमांत आधीच लिहिलं आहे: कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नको. एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना नोकरी म्हणून हे काम तेवढ्या पैशात किती दिवस परवडेल, याचा हिशेब नियमांत नाही.