पन्नास टक्क्यांची सीमारेषा

मेंदूच्या शस्त्रक्रियेचे अध्वर्यू हार्वे कुशिंग आणि विकृतिशास्त्रज्ञ वोल्बाक यांनी १९२७ साली एक चक्रावून टाकणारी नोंद प्रसिद्ध केली. एका बालरुग्णाच्या पाठीच्या कण्यालगतची जीवघेणी गाठ काही वर्षांनी पुन्हा तपासली, तर आत चक्क शांत, पक्व मज्जापेशी (चेतापेशी) निघाल्या. गाठ जणू वयात आली होती!

अशा गाठीला आज न्यूरोब्लास्टोमा म्हणतात. गर्भात ज्या पेशींपासून मज्जापेशी आणि मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीचा गाभा घडतो, त्या अर्ध्या वाटेत अडकल्या की ती होते. मोठ्यांच्या कर्करोगात वर्षानुवर्षे साचलेले जनुकीय बिघाड सापडतात; मुलांच्या गाठींत ते बरेच कमी असतात. इथे खरा घोळ पेशीचे मोठे होणे थांबल्याचा आहे.

या घोळाचा सर्वांत साधा गणिती हिशेब पाठीमागच्या कोऱ्या पानावर मावतो. अपरिपक्व पेशी विभागली की तिच्या दोन होतात. त्यातली प्रत्येक एकतर तशीच पोरवयात राहते, नाहीतर पक्व होऊन विभागणे सोडते. पोरवयात राहण्याची शक्यता ५५ टक्के धरा. मग दर पिढीला १०० च्या ११० होतात, आणि १,००० पेशींच्या ५० पिढ्यांनी सुमारे १,१७,०००. आता शक्यता ४५ टक्के करा. ५० पिढ्यांनी उरतात सरासरी पाच! यात एकही पेशी मारलेली नाही. अर्थात खऱ्या गाठीत पेशी मरतातही, त्यामुळे खरे समीकरण एवढे सोज्वळ नसते. पण सगळा खेळ पन्नाशीच्या अलीकडे की पलीकडे एवढ्यावरच ठरतो, हे मला तरी विलक्षण वाटते.

ही टक्केवारी ठरते जनुकांच्या आपसातल्या ओढाताणीतून. काही प्रथिने स्वतःचेच उत्पादन वाढवतात. असे चक्र समीकरणात मांडले की दोन स्थिर अवस्था मिळू शकतात. जीवशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांनी १९५७ मध्ये काढलेले चित्र इथे कामी येते: उतारावरून घरंगळणारी गोटी आणि तिच्यापुढे फुटत जाणाऱ्या दऱ्या. गोटी म्हणजे पेशी, आणि दऱ्या म्हणजे तिच्या स्थिर अवस्था: इथे एक पोरवयाची, दुसरी पक्वतेची. गोटीला मधल्या उंचवट्यापलीकडे ढकलले, तर हात काढल्यावरही ती पलीकडेच राहते. धक्का थोडा कमी पडला, की मागे येते. सुमारे पाचातल्या एका न्यूरोब्लास्टोमात एमवायसीएन या जनुकाच्या जादा प्रती असतात. त्या पोरवयाची दरी आणखी खोल करतात, असे मॉडेलच्या भाषेत म्हणता येईल.

धक्का देणारे औषध आहे: ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातले आयसोट्रेटिनॉइन. जास्त धोक्याच्या रुग्णांना मुख्य उपचारांनंतर ते साधारणपणे १४ दिवस देतात, मग १४ दिवस थांबतात. अशी सहा आवर्तने. औषध बंद असलेल्या त्या १४ दिवसांत उंचवट्याच्या अलीकडे राहिलेल्या गोट्या किती मागे घरंगळतात, हा प्रश्न प्रयोगशाळेच्या आधी समीकरणाला विचारता येतो.